२०,००० लीग्ज अंडर द सी (१९५४): जहाज मिळालं, बुंदेलखंड हरवलं

भरतीओहोटी (धागाकर्ता)

परवा रविवारी बाहेर नुसतं कोसळत होतं, म्हणून भाच्याला घेऊन डिस्नेचा '२०,००० लीग्ज अंडर द सी' लावला. चुलतभावाने परदेशातून डिस्क आणून दिलीय. भाचा सातवीत. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याचा हात दोनदा मोबाईलकडे गेला. मग अंधाऱ्या समुद्रातून दोन पेटलेले डोळे लाटा कापत आले, आणि त्यानंतर दोन तास मोबाईल पालथा पडून होता.

मी स्वतः हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, चाळीत, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. एक टीव्ही आणि समोर वीस माणसं. तेव्हापासून मनात एक ठाम समज होता की त्या प्रोफेसराच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय, कारण तो अर्धा सिनेमा भिंतीशी बोलतो! नेमो ऑर्गन वाजवायचा तेव्हा ऑर्गन अर्धाच दिसायचा. आता कळलं. मूळ सिनेमा सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे उंचीच्या अडीचपट रुंद. जुन्या टीव्हीचा पडदा सव्वापटीहून जरासाच जास्त. कॅसेट करणाऱ्यांनी जवळजवळ अर्धं चित्र कापून टाकलेलं. प्रोफेसर ज्याच्याशी बोलत होता तो माणूस कापलेल्या अर्ध्यात उभा होता. तीस-पस्तीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला वेडा समजलो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट अशी: साल १८६८. प्रशांत महासागरात कुठलासा राक्षसी प्राणी जहाजं बुडवतोय. त्याला शोधायला निघालेल्या अमेरिकन युद्धनौकेवर प्रोफेसर ॲरोनॅक्स (पॉल लुकास), त्याचा मदतनीस कॉन्सेल (पीटर लोरे) आणि हार्पूनवाला नेड लँड (कर्क डग्लस) आहेत. राक्षस धडक देतो, तिघं पाण्यात पडतात, आणि राक्षस म्हणजे लोखंडी पाणबुडी निघते. नॉटिलस. तिचा मालक कॅप्टन नेमो, म्हणजे जेम्स मेसन.

मला विचाराल तर सिनेमाचा नायक ती पाणबुडीच आहे. हार्पर गॉफ नावाच्या कलाकाराने तिचा आराखडा केला. खुद्द वॉल्ट डिस्नेच्या डोक्यात आधी गुळगुळीत सिगारसारखा आकार होता, आणि सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय त्या ज्यूल व्हर्नच्या पुस्तकातही ती लांबट सिगारसारखीच आहे. गॉफचं म्हणणं वेगळं. खलाशी जिला प्राणी समजून घाबरतात ती प्राण्यासारखी दिसायला नको का? शिवाय नेमोने ती आडबाजूच्या बेटावर, हाताशी होतं त्या लोखंडातून बांधली असणार. म्हणून त्याने सुसरीचे डोळे, शार्कची पाठ आणि अंगभर रिव्हेट (पत्रे जोडायचे गोल डोक्याचे खिळे) दिले. पत्र्यावर पत्रा ठोकलेला दिसतो. आत मात्र लाल मखमल, पुस्तकं, कारंजं, ऑर्गन. बाहेरून भंगार, आतून संस्थानिकाचा दिवाणखाना.

कलादिग्दर्शनाचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं. पण गॉफ कलादिग्दर्शकांच्या युनियनचा सभासद नव्हता, त्यामुळे बाहुली दुसऱ्यांच्या नावावर गेली. चिडचिड होते वाचून.

आता माझी तक्रार. व्हर्नचा नेमो हिंदुस्थानी आहे. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७च्या लढ्यात उतरलेला. सिनेमात याचा मागमूस नाही. जेम्स मेसन नखशिखांत इंग्रज. तुम्हाला खटकतं का हे? की मीच म्हातारपणी कुरकुरा होत चाललोय?

रविवारची_भजी

धागा छान. वाचनखूण साठवली. पण शीर्षकावरून शंका, २०,००० लीग म्हणजे ते एवढे खोल जातात का? माझ्या मुलाने विचारलं आणि मी ठोकून 'हो' सांगितलं.

चिकित्सक_चिंतू

@रविवारची_भजी, मुलाला आजच दुरुस्त करून सांगा. :) २०,००० लीग ही खोली नाही, पाण्याखालून केलेला एकूण प्रवास आहे. व्हर्नचा लीग ४ किलोमीटरचा. म्हणजे ८०,००० किलोमीटर, पृथ्वीला साधारण दोन फेऱ्या. तेवढं खोल जायचं तर पृथ्वीतून आरपार निघून पुढेही बराच प्रवास उरेल. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटर आहे.

खोलीच्या बाबतीतही व्हर्नने हात सैल सोडला होताच. कादंबरीत नॉटिलस १६,००० मीटरपर्यंत उतरते. प्रत्यक्षात मारियाना गर्तेचा तळ जवळपास ११ किलोमीटरवर आहे आणि तिथे माणूस पहिल्यांदा पोचला तो १९६० साली, 'त्रिएस्त' नावाच्या खोल बुडी मारणाऱ्या यानातून.

आता धागाकर्त्याचं विधान थोडं सरळ करतो. १८६९-७० साली ही कादंबरी क्रमशः आली तेव्हा नेमो हिंदुस्थानी नव्हता. निदान कागदावर तरी. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता, रशियाने १८६३चा उठाव चिरडला त्यात कुटुंब गमावलेला. त्याचा प्रकाशक एत्झेल म्हणाला, रशिया आपलं गिऱ्हाईक आहे, त्यांना दुखवून चालणार नाही. दोघांचा वाद झाला आणि शेवटी नेमोचा देशच गाळला. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीच नाही'. नाव चपखल बसलं. बुंदेलखंड आलं ते १८७४-७५च्या 'गूढ बेट' या पुढच्या कादंबरीत. तिथे मरणाच्या दारात तो सांगतो की मी राजपुत्र दक्कार.

थोडक्यात, १९५४च्या सिनेमाने ज्या पुस्तकाचं नाव लावलंय त्याच्याशी तो याबाबतीत प्रामाणिकच आहे.

भरतीओहोटी

@चिंतू, हे वकिली उत्तर झालं. सिनेमावाल्यांना पुढचं पुस्तक माहीत नव्हतं थोडंच! ज्वालामुखीतला गुप्त तळ मूळ कादंबरीतही आहे, पण सिनेमातला बेटावरचा शेवटचा स्फोट तिथे नाहीच, तो त्या 'गूढ बेटा'च्या वळणाचा आहे. बेट उचललं, बेटावरचा माणूस सोडला.

सुकटबोंबील

'दक्कार' हे कुठल्या बुंदेलखंडी राजाचं नाव असतं? मला तर जेवणानंतरचा ढेकर आठवला.

ग्वाल्हेरची_सून

सुकट :))

इकडे कोणीतरी 'ठाकूर'चा अपभ्रंश असेल असं म्हणतात, पण तो अंदाजच. व्हर्नने नेमोला टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्यापैकीही करून टाकलंय. म्हैसूर कुठे, बुंदेलखंड कुठे! पॅरिसमध्ये बसून त्याने हिंदुस्थानातले इंग्रजांशी लढलेले सगळे एकाच घरात नांदायला पाठवले.

तरीही ते पान वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. झाशी बुंदेलखंडातच येते. माझं सासर ग्वाल्हेरचं, फुलबागेतल्या लक्ष्मीबाईंच्या समाधीपासून चालत दहा मिनिटांवर. झाशीचे राजे नेवाळकर मूळचे कोकणातले, आणि त्याआधी बाजीराव-छत्रसालांपासून त्या भागाचं मराठीशी नातं आहेच. तेव्हा १८५७ला बुंदेलखंडात लढलेला, बायकामुलं गमावलेला, उरलेल्या सोबत्यांना घेऊन समुद्रात नाहीसा झालेला माणूस… हा कुणाच्या तरी पणजोबांच्या शेजारी लढला असेल असं वाटतं. काल्पनिक आहे हे कळतं हो. पण वाटतं.

आणि चिंतूदादा, पहिल्या पुस्तकात अगदीच काही नाही असं नाही. सिलोनच्या मोत्यांच्या किनाऱ्यावरचं प्रकरण काढून बघा. शार्क एका गरीब पाणबुड्यावर येतो, नेमो नुसता सुरा घेऊन त्याच्या अंगावर जातो, आणि वाचलेल्या पाणबुड्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. नंतर प्रोफेसरला सांगतो, हा हिंदी माणूस दडपलेल्यांच्या देशाचा रहिवासी आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा. हे 'गूढ बेटा'च्या आधीचं आहे!

चिकित्सक_चिंतू

@ग्वाल्हेरची_सून, ते प्रकरण विसरलो होतो. एक गुण तुम्हाला.

(पण दोन पुस्तकांतली सालं एकमेकांशी जुळत नाहीत, हे नोंदवून ठेवतो. व्हर्नने पुढे तळटीपेत सारवासारव केलेली आहे.)

जुनं_रीळ

नेमोच्या रंगाचाच मुद्दा असेल तर याहून जुन्या सिनेमाकडे जा. १९१६ साली याच कादंबरीवर अमेरिकेत मूकपट आला होता, स्टुअर्ट पॅटनचा. त्याने दोन्ही पुस्तकं एकत्र केली आणि नेमोला चक्क हिंदुस्थानी राजपुत्र दाखवला, मागच्या आयुष्याच्या प्रसंगांसकट. नट गोराच, तोंडाला रंग फासलेला; त्या काळी तसंच चाले. पण निदान पत्ता तरी बरोबर होता. डिस्नेच्या ३८ वर्षं आधी!

त्या मूकपटाची खरी करामत वेगळी. विल्यमसन बंधूंनी तो बहामाच्या समुद्रात खरोखर पाण्याखाली चित्रित केला. कॅमेरा पाण्यात बुडवायचा म्हणजे भिजणार, म्हणून त्यांनी माणूसच कोरडा खाली नेला. त्यांच्या वडिलांनी, जे जहाजाचे कप्तान होते, बोटीतून खाली सोडायची लोखंडी लवचीक नळी तयार केली होती. तिच्या टोकाला काचेची खिडकी असलेली खोली. कॅमेरामन नळीतून उतरणार आणि खिडकीतून चित्रण करणार. विहिरीत उतरून गाळ काढणाऱ्यासारखंच.

१९५४ची मंडळीही बहामालाच गेली, पाणी स्वच्छ म्हणून. यांच्याकडे पाठीवरची हवेची टाकी होती, पण सिनेमा १८६८चा, टाकी दिसून चालणार नाही. मग ती पोशाखाच्या आत दडवली. आता तो समुद्रतळावरचा अंत्यविधी परत बघा. प्रोफेसर रिकाम्या पाणबुडीत शिरतो, दिवाणखान्याच्या गोल खिडकीतून बाहेर बघतो आणि तळावर माणसांची रांग चाललीय, खांद्यावर प्रेत. संवाद नाही. सगळ्यांची पावलं जड आणि सावकाश. आपल्याला वाटतं दुःखाने. खरं तर अंगावर शिसं आणि तांबं-पितळ लादून पाण्यात चालायचं म्हटलं की तसंच चालता येतं. अभिनय करायची गरजच नाही.

टोरांटोची_ताई

रीळदादा, मस्त. दिग्दर्शकाची गोष्ट कोणीच सांगितली नाही अजून? रिचर्ड फ्लायशर. त्याचे वडील मॅक्स फ्लायशर, बेटी बूप आणि पॉपायची कार्टून्स काढणारे, वॉल्ट डिस्नेचे जुने प्रतिस्पर्धी. डिस्नेने बोलावलं तेव्हा रिचर्डला वाटलं, याला माझे वडील कोण ते ठाऊक नाही की काय. त्याने वॉल्टला सांगितलं, आधी घरी विचारतो. वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, अर्थात घे, आणि वॉल्टला सांग की दिग्दर्शक निवडण्यात त्याची पारख उत्तम आहे.

आपल्याकडे हे भावबंदकीचं नाटक तीन अंक चाललं असतं.

सुकटबोंबील

ताई, आपल्याकडे दुसऱ्या अंकात कोर्ट असतं.

मी आलो होतो माकुळाबद्दल बोलायला. धाग्यात इतका वेळ कोणी त्याचं नाव काढलं नाही म्हणजे कमाल आहे. सिनेमातला तो प्राणी ऑक्टोपस नाही हो, माकूळ आहे माकूळ, म्हणजे स्क्विड. आमच्या घरी आठवड्याला येतो. आठ आखूड हात आणि दोन लांब सोंडा, एकूण दहा. ऑक्टोपसला आठच. आई साफ करताना डोकं धरून हलकेच ओढते, आतलं सगळं एका झटक्यात बाहेर, शाईची पिशवी फुटू द्यायची नाही, मग पाठीत बोट घालून एक पारदर्शक काडी काढायची, शाळेतल्या प्लास्टिकच्या पट्टीसारखी. ती काडी म्हणजेच त्याचं हाड. लहानपणी मी त्या काड्या वहीत ठेवायचो. बाईंनी वही वासावरून ओळखली होती.

तर सिनेमातल्या त्या धुडात ही काडी केवढी असेल, हा विचार मी दर वेळी करतो.

जुनं_रीळ

@सुकटबोंबील, त्या धुडात काडी नव्हती, तारा होत्या, आणि त्यानेच सगळा घोळ केला. ही लढाई आधी शांत समुद्रावर, लालभडक सूर्यास्तात चित्रित केली होती. वरून लोंबणाऱ्या तारा स्वच्छ दिसत. आतलं भरण पाणी पिऊन जड व्हायचं आणि हात तुटून पडायचे. लोक हसतील असं दिसायला लागल्यावर काम थांबवलं. मग ठरलं की हाच प्रसंग रात्री, वादळात घ्यायचा. पाऊस, विजा, लाटा. आता तारा दिसत नाहीत, आणि दिसलं नाही की भीती आपोआप वाढते. रॉबर्ट मॅटी या यंत्रकाराने नवं माकूळ बांधलं. याच मॅटीने पुढे १९७५च्या 'जॉज'चा यांत्रिक शार्क केला. तिथेही तीच कथा: समुद्रात यंत्र चालेना, म्हणून शार्क कमी दाखवला आणि सिनेमा जास्त भीतिदायक झाला. या माणसाच्या बिघाडांनी दोन सिनेमे तारले.

फेकून दिलेला सूर्यास्ताचा प्रसंग जुन्या डीव्हीडीत पुरवणी म्हणून आहे. मिळाला तर बघा. फुगे बांधलेल्या पाळण्याशी माणसं झटापट करतायत असं वाटतं.

अजून एक, हे मला फार आवडतं. सिनेमास्कोप तेव्हा अगदी नवं, त्याची लेन्स मिळणं मुश्कील. ती लेन्स चित्र आडवं दाबून फिल्मवर घेते आणि थिएटरात दुसरी लेन्स ते पुन्हा रुंद करते. लहान प्रतिकृतींच्या चित्रीकरणाला ही लेन्स मिळेना. मग पठ्ठ्यांनी नॉटिलसची प्रतिकृतीच चेपून बांधली! लांबीला दाबलेली, आखूड, बुटकी पाणबुडी. साध्या लेन्सने तिचं चित्रण केलं आणि पडद्यावर ती पसरून बरोबर मापाची झाली. लेन्स नाही तर जहाज वाकवू.

भरतीओहोटी

हे माहीतच नव्हतं. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग कॅसेटवाल्यांनी माणसं पण चेपायची ना, कापली कशाला?" मुद्दा बरोबर आहे.

चिकित्सक_चिंतू

माकुळाच्या बाजूने एक साक्ष. व्हर्नने ते हवेतून काढलं नव्हतं. १८६१च्या नोव्हेंबरात 'अलेक्तों' या फ्रेंच जहाजाला कॅनरी बेटांजवळ पृष्ठभागावर तरंगणारं अजस्र माकूळ दिसलं. दोराचा फास टाकून ओढायला गेले, तर दोर मांस कापत गेला आणि हाती फक्त शेपटाचा तुकडा आला. कादंबरीत याचा उल्लेख आहे. जिवंत अवस्थेत, त्याच्या स्वतःच्या अंधारात त्याचे फोटो मिळायला मात्र २००४ उजाडलं. जपानच्या ओगासावारा बेटांपाशी, सुमारे ९०० मीटर खोलीवर, आमिषाला लावलेल्या कॅमेऱ्यात. ते सुटून गेलं आणि साडेपाच मीटरची सोंड मागे ठेवून गेलं.

सुकटबोंबील

साडेपाच मीटर. एका सोंडेत पूर्ण वाडी जेवेल.

(तसं नाही जमायचं म्हणा. एवढ्या मोठ्या माकुळाच्या अंगात अमोनियाचे क्षार असतात, तरंगायला हलकं पडतं म्हणून. चव फिनेलच्या बाजूची.)

डेकवरचा_म्हातारा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नौदलात तेवीस वर्षं काढली, सगळी पृष्ठभागावरच्या जहाजांवर. पाणबुडीवाल्यांशी ओळख धक्क्यावर आणि मेसमध्ये.

ज्यांना नॉटिलसचा दिवाणखाना आवडला त्यांनी विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' जरूर बघावी. खरी पाणबुडी, ९१ मीटर लांब, निवृत्तीनंतर वाळूवर आणून २००२ पासून संग्रहालय केलंय. आत शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे डोकं आपटतं. गोल दारातून आधी पाय, मग धड, मग डोकं, असा क्रम लागतो. आमच्या सौंनी पहिल्या कप्प्यातच विचारलं, "माणसं कुठे राहायची?" बाजूला टॉर्पेडोच्या नळ्या, वर पाइप, मध्ये बर्थ. हेच घर. खिडकी एकही नाही. पाणबुडी बघत नाही, ऐकते. ऑर्गन सोडा, मोठ्याने भांडं पडलं तरी शिवी खावी लागते, कारण शत्रूही ऐकतच असतो. नेमो ऑर्गनवर बाखचा टोकाटा वाजवत समुद्रभर फिरतो हे बघून माझा एक पाणबुडीवाला मित्र म्हणाला होता, "याला शोधायला एवढी मोठी युद्धनौका कशाला पाठवली? कान असलेला एक पोरगा पुरला असता."

पण एक गोष्ट सिनेमाने नेमकी पकडली. शत्रूने बुडवलेल्यापेक्षा आपल्याच डोक्यात बुडालेला कप्तान जास्त धोक्याचा. मेसनच्या चेहऱ्यावर ते आहे. जहाजाला धडक दिल्यावर तो जिंकल्यासारखा दिसतच नाही.

आणि सालाचा योग बघा. अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी २१ जानेवारी १९५४ला पाण्यात उतरली. नाव नॉटिलस. सिनेमा आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. व्हर्नच्या बोटीत वीज होती, सोडियमच्या बॅटऱ्यांवर. सिनेमात प्रोफेसर मुखवटा लावून एका भट्टीत डोकावतो आणि चेहऱ्यावर झगझगीत प्रकाश पडतो, विश्वाची ऊर्जा वगैरे बोलणं होतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरज नव्हती. शेवटी बेटावरून उठणारा ढग तर अगदी हिरोशिमाचाच.

चिकित्सक_चिंतू

काका, यात एक गंमत जोडतो. त्या खऱ्या नॉटिलसने फेब्रुवारी १९५७मध्ये ६०,००० सागरी मैल पूर्ण केले तेव्हा कादंबरीतल्या २०,००० लीगची बरोबरी झाली असं जाहीर झालं. त्यांनी तीन सागरी मैलांचा लीग धरला. व्हर्नच्या ४ किलोमीटरच्या लीगने त्यांचं काम खूप आधीच झालं होतं.

डेकवरचा_म्हातारा

चिंतू, नौदलात असतास तर एक तर ॲडमिरल झाला असतास, नाहीतर पहिल्याच आठवड्यात समुद्रात.

टोरांटोची_ताई

मला एक गोष्ट खटकते ती बोलून टाकते. बेटावरच्या नरभक्षक 'रानटी' लोकांचा प्रसंग. पुस्तकात ते पापुआचे लोक, सिनेमात चित्रण जमैकात. भाल्यांसकट नाचत येतात, पाणबुडीच्या अंगात वीज सोडतात, ते उड्या मारत पळतात आणि आपण हसायचं. माझ्या लेकीने विचारलं, "त्यांच्या बेटावर हे लोक न विचारता गेले ना?" आता काय सांगणार. नेमो स्वतः गुलामीचा बळी. सिनेमात रुरा पेंथे नावाच्या बेटावर कैद्यांकडून दारूगोळ्याचा माल वाहून घेतात, तिथून तो पळालाय, गुपित काढून घेण्यासाठी त्याच्या बायकोला आणि मुलाला छळून मारलंय. तोच माणूस या बेटकऱ्यांना विजेचे झटके देऊन मजा बघतो. नेमो बुंदेलखंडचा ठेवला असता तर हा प्रसंग असा लिहिताच आला नसता. एवढ्यापुरती मी धागाकर्त्याच्या बाजूने.

भरतीओहोटी

ताई, मी एवढ्या पोस्टी जे शोधत होतो ते हेच. मला नेमोचा पासपोर्ट नको होता. रुरा पेंथे कुणाचं, 'तो द्वेष्य देश' कोणता, हे सिनेमा सांगतच नाही. कुठल्याच देशाला राग येऊ नये अशी सोय. एत्झेलला रशियाची धास्ती, डिस्नेला बहुधा इंग्लंडच्या तिकीटखिडकीची. हा दुसरा भाग माझी निव्वळ शंका, चिंतूने पुरावा मागू नये. देश काढून घेतला की माणसाचा राग नुसता स्वभाव होऊन बसतो. मेसन इतका चांगला नट आहे की त्यातूनही तो काहीतरी उभं करतो. पण हा माणूस का चिडलाय हे भाच्याला समजावताना मला पुस्तकाकडेच जावं लागलं.

ग्वाल्हेरची_सून

म्हणून तर २००३च्या 'लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन'मध्ये नसीरुद्दीन शाहला नेमो बघून बरं वाटलं होतं. सिनेमा टुकार, पण दाढी-फेट्यातला नसीर नॉटिलसवर उभा राहतो तेव्हा वाटतं, चला, जहाज घरी आलं.

रविवारची_भजी

जेवणाचा प्रसंग विसरलात सगळे! ताटात मांस वाटतं ते समुद्री साप निघतं, क्रीम म्हणजे देवमाशाचं दूध, आणि वर न जन्मलेल्या ऑक्टोपसचं काहीतरी परतलेलं. कर्क डग्लसचा चेहरा बघून माझा मुलगा खुर्चीवरून पडला.

सुकटबोंबील

सगळं समुद्रातलं, तरी कोकम नाही, तिरफळ नाही, ओलं खोबरं नाही. नेड लँड पळून जायला का बघत होता ते उघड आहे.

माळरान

शाळेत असताना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न वाचला, तोही मराठवाड्यात, जिथून समुद्र दहा-बारा तासांवर. समुद्र बघितला नव्हता तेव्हा नॉटिलस बघितली होती. पहिल्यांदा मुरूडला गेलो तर पाणी मातकट, आणि खिडकीबाहेर दिसायचे तसे मासे कुठेच नाहीत. बराच वेळ रुसून बसलो होतो. सिनेमा अजून पाहिलेला नाही. धाग्यावरून वाटतंय आता पाहावा.

जुनं_रीळ

@माळरान, जरूर पहा, पण रुंद पडद्याचीच प्रत घ्या. नाहीतर तुम्हालाही प्रोफेसर वेडा वाटेल.

भरतीओहोटी

धागा वर काढतोय, कारण बातमी आहे. भाच्याने हट्टाने यंदा गणपतीची सजावट नॉटिलसची करायची ठरवलीय. पुठ्ठ्याची, पाच फुटी, दिवाणखान्याची गोल खिडकी मोठी करून तिच्यात मूर्ती. डोळ्यांच्या जागी दोन पिवळे बल्ब. गॉफच्या चित्राबरहुकूम अंगभर रिव्हेट हवेत म्हणून पोरगा तीन दिवस फेविकॉलने साबुदाणा चिकटवतोय. वरून काळपट चंदेरी रंग दिला की दोन हातांवरून खरंच रिव्हेट दिसतात.

आईला आधी पटेना. "गणपतीला पाणबुडीत कशाला बसवायचं?" मग विचारलं, हा नेमो कोण? म्हटलं, बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावन्नला इंग्रजांशी लढलेला. "म्हणजे झाशीच्या बाजूचा," आई म्हणाली, "मग बसू दे."

एकच अडचण. काल रात्री उजव्या बाजूचे दीडेकशे रिव्हेट उंदरांनी खाल्ले. काही उपाय?

सुकटबोंबील

खाऊ द्या. ज्याची सजावट त्याचंच वाहन.

चिकित्सक_चिंतू

साबुदाण्याऐवजी मोहरी घ्या. मापातही जास्त बरोबर बसेल.